टेबलाखालची गुणगुण

१

दुपारची भांडी घासून पालथी पडली की ठमीला झोपवायचं, आणि ठमीला झोपवायचं म्हणजे तिला टेबलाखाली सरकवायचं. नवख्या माणसाला ऐकून हसू आलं असतं, पण त्या घरात हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणी मान वळवूनही बघत नसे.

टेबल बाहेरच्या खोलीत होतं. वर दोन मॉनिटर, खाली कॉम्प्युटरचं काळं केबिनेट, आणि केबिनेटच्या पाठीपासून भिंतीपर्यंत एक बाळ निजेल एवढी जागा. ठमीच्या बापाने सगळ्या वायरी वर टेबलाच्या पायाला आवळून बांधल्या होत्या. खाली दुपटं अंथरून ठमीला तिथे ठेवलं की मशीनची बारीक गुणगुण तिच्या कानात शिरायची आणि मागच्या जाळीतून येणारी कोमट हवा तिच्या जावळाला लागायची. पोरगी डोळे किलकिले करायची, अंगठा तोंडात घालायची आणि ढाराढूर.

हे वेड लागलं कसं, तर दवाखान्यातून घरी आणली तेव्हा ठमी रडून रडून निळी पडायची. आईने मांडीवर घेतलं, खांद्यावर घेतलं, खोलीभर येरझारा घातल्या. आजीने थोपटून थोपटून हात दुखवून घेतला. शेवटी एकदा तिच्या आईने हात टेकले, पोरीला टेबलापाशी जमिनीवर ठेवलं आणि स्वतःच भिंतीला टेकून रडायला लागली. डोळे पुसून बघते तर पोर झोपलेली! तेव्हापासून मशीन बंद करायचं नाही हा घरचा कायदाच झाला. ठमीचा बाप न बांधलेल्या घरांची चित्रं काढायचा. बांधून झाल्यावर स्वयंपाकघर कसं दिसेल, ऊन कुठून येईल, हे गिऱ्हाईकाला आधीच दाखवायचं, हा त्याचा धंदा. काम नसलं तरी तो आता मॉनिटर काळे करून मशीन तसंच चालू ठेवायचा.

"पोटात वाढवली हिने," सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आणि झोपवतंय डबडं. उद्या त्यालाच आई म्हणेल बघा."

सून हसायची. हसतहसत आत जायची आणि स्वयंपाकघरात गेल्यावर ते हसू पदराने पुसून टाकायची. एकदा तरी, एकदाच, ठमीने आपल्या खांद्यावर मान टाकून झोपावं, एवढंच तिला हवं होतं. रोज दुपारी ती आधी खांद्यावर घेऊन बघायची. रोज ठमी धनुष्यासारखी ताठ व्हायची आणि मान वळवून टेबलाकडे बघायची.

२

नव्या कामासाठी गिऱ्हाईकाला हलती चित्रं हवी होती, घरातून चालत फिरल्यासारखी. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड आलं. ते विटेएवढं धूड बघूनच सासूबाई म्हणाल्या, "हे खाणार किती?" आणि त्यांचं बोलणं खरंच निघालं. मशीनला वीज पुरवणारा आतला डबा, जुना पॉवर सप्लाय, त्याच्या अंगात ते पोसायची ताकद नव्हती. म्हणून मोठा सप्लाय आला, आणि तो बसवायला ठमीच्या बापाचा शाळेतला दोस्त आला. त्याला सगळे पक्कड म्हणत. एकदा हातात घेतलेलं काम सोडत नसे, आणि एकदा सुरू झालेलं बोलणंही.

"वहिनी, चहा मागाहून. आधी एखादी जुनी चादर द्या. ह्याच्या पोटात धुळीचं पीक आलं असणार."

त्याने मशीन बंद केलं. गुणगुण थांबली आणि खोली एकाएकी मोठी झाल्यासारखी वाटली. आजीच्या मांडीवरच्या ठमीने ओठ काढला.

पक्कडने केबिनेट चादरीवर आडवं केलं, बाजूचा पत्रा काढला, मागचे स्क्रू सोडवले आणि जुना सप्लाय वायरींच्या गुंत्यासकट बाहेर ओढला. त्याच्या जाळीतून स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालून त्याने आतला पंखा ढकलला. पंखा हलेना. त्याने जोर लावला. तरी हलेना.

"अरे, हा तर गचकलाय! आणि आजचा नाही. धूळ पात्यांच्या मधे भरून दगड झालीय बघ. फिरत्या पंख्यात अशी भरते होय? हा कधीचा बंद आहे."

"मग केबिनेटचा मागचा पंखा वाजत असेल," ठमीचा बाप म्हणाला.

पक्कडने आतून एक लोंबती वायर उचलून त्याच्या नाकासमोर धरली. "ह्याची वायर तर काढून ठेवलीय. कुणी काढली?"

ठमीच्या बापाने डोकं खाजवलं. "मीच. ठमी व्हायच्या आधी. म्हटलं, बाळ घरात येणार, आवाजाने उठेल. मग परत लावायची राहूनच गेली."

"वा रे बापा! पोरगी आवाजाशिवाय झोपत नाही, आणि तू आवाज आधीच काढून ठेवलायस!"

सासूबाई खोखो हसल्या. ठमीचा बापही हसला. ठमीच्या आईला मात्र हसू येईना.

"भाऊजी," ती म्हणाली, "मग इतके दिवस वाजत काय होतं?"

"हा इवलासा आहे ना, प्रोसेसरवरचा. हाच एक चालतोय."

"तो एवढा वाजतो?"

"डासाएवढा वाजतो. रात्री डास केवढा वाटतो!"

"आणि मागून हवा यायची ती?"

"हवा कशी येईल वहिनी? ढकलायला कुणीतरी नको का? नुसती ऊब लागत असेल तुम्हाला." त्याने तळहात केबिनेटच्या आत फिरवला आणि कपाळाला आठी घातली. "खरं तर तापून बंद पडायला हवं होतं हे. आतून तर गार आहे. नशीब तुमचं."

ठमीचं जावळ त्या हवेत भुरभुरताना तिने रोज बघितलं होतं. हे सांगावं असं तिच्या ओठावर आलं, पण दोन हुशार माणसांसमोर आपण काय बोलायचं, म्हणून ती चहा टाकायला आत गेली.

नवा सप्लाय जुन्यापेक्षा लांब होता. तो कसाबसा आत बसला. जुन्या सप्लायच्याच वायरी काढून नव्याला लावू, असं ठमीचा बाप म्हणाला, तर पक्कड ओरडलाच. "तोंड सारखं दिसतं म्हणून घात होतो लोकांचा. आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो. एकाची वायर दुसऱ्याला लावलीस तर धूर निघेल." मग त्याने नव्या वायरी ओवल्या, कार्ड बसवलं, मागच्या पंख्याचीही वायर जोडली आणि बटण दाबलं. कार्डावर निळा दिवा लागला. नव्या सप्लायचा आवाज मात्र काहीच नाही.

"ऐकलंत? काही ऐकू आलं?" पक्कडने अभिमानाने विचारलं. "काम पडल्याशिवाय ह्याचा पंखा फिरतच नाही."

ठमी रडायला लागली.

३

पहिली दुपार रडण्यात गेली. घरच्यांना वाटलं, जागा हलवली, माणसं आली, म्हणून बिथरली असेल. पण दुसरी दुपारही तशीच गेली, आणि मग दिवस आणि रात्र असा काही फरकच उरला नाही. ठमी थकून डोळे मिटायची आणि कुणी चिमटा काढावा तशी दचकून उठायची. दूध ओढायची नाही. डोळ्यांखाली काळं आलं, हाताला मनगटाचं हाड लागायला लागलं.

मागचा पंखा फिरत होताच, पण तो खरखरायचा, आणि त्याच्या वाऱ्याला ठमी हात झाडायची. मग बापाने एक अवजड चित्र मशीनला करायला लावलं. नव्या सप्लायचा पंखा सोंऽऽ करत उठला. ठमीने असा टाहो फोडला की त्याने धावत जाऊन मशीनच बंद केलं. मोबाइलवर तऱ्हेतऱ्हेच्या पंख्यांचे आवाज लावून झाले.

"जुनं डबडं परत बसवा बाबांनो," सासूबाई कळवळून म्हणाल्या.

"आई, त्या डब्यातून आवाज येतच नव्हता."

"मग कशातून येत होता?"

ठमीच्या बापाने जुना सप्लाय खोक्यात घालून माळ्यावर टाकला.

डॉक्टरीणबाईंनी ठमीला उलटंसुलटं तपासलं. कान बघितले, हिरड्या चाचपल्या. "दात येतायत. पण वजन असंच उतरत राहिलं तर दाखल करावं लागेल." मग चष्म्यावरून आईकडे बघितलं. "तुमची झोप होते का हो?"

तिने नुसती मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाच कळलं नाही.

एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. रडताना ठमी आता टेबलाकडे बघत नव्हती. पहिल्या दिवशी बघत होती. मग ती माळ्याखालच्या कोपऱ्याकडे बघायला लागली. मग न्हाणीच्या दाराकडे. आता काही दिवस आतल्या खोलीतल्या कपाटाकडे बघत होती. लहान मुलं कुठेही बघतात, तिने स्वतःची समजूत घातली. भिंतीवरची पालसुद्धा त्यांना खेळणं वाटते. पण ठमी बघायची ती एखादं ओळखीचं माणूस ह्या खोलीतून त्या खोलीत गेल्यावर बघावं तशी.

४

त्या दिवशी सकाळीच रस्त्यावर वायर दुरुस्त करणारी माणसं आली आणि गल्लीची वीज गेली. ठमीचा बाप चित्रं दाखवायला गिऱ्हाईकाकडे गेला होता. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. ठमीला आतल्या खोलीत गादीवर ठेवून, भोवती उशा लावून, ती बाहेर कपड्यांच्या घड्या करत बसली. आतून कुरकूर येत होती. मग येईनाशी झाली.

आणि तिच्या ध्यानात आलं, की आपण मघापासून गुणगुण ऐकतोय.

तीच. बारीक, सलग, दात मिटून कुणी घशात सूर धरावा तशी. सवयीने ती टेबलाकडे वळली. मशीनचा दिवा विझलेला होता. वीजच नव्हती. फ्रिज असेल, असं मनात आलं. पण फ्रिज तरी विजेशिवाय कसा वाजेल? तिने तरी जाऊन फ्रिजच्या दाराला कान लावला. मुका. मग स्टूल ओढून माळ्यावरचं खोकं काढलं आणि जुना सप्लाय कानाशी धरला, एखादा शंख धरावा तसा. थंडगार पत्रा. आपण हे काय करतोय, असं वाटून तिचे कान तापले. घरात वीज नाही आणि आपण भंगाराला कान लावून उभ्या!

मग ठमीची आठवण झाली आणि ती धावली.

गादीवर उशा होत्या, ठमी नव्हती. नुकती रांगायला शिकलेली पोरगी उशी ओलांडून दुपटं ओढत कपाटापर्यंत गेली होती. कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीपाशी, कुशीवर, अंगठा तोंडात घालून ती गाढ झोपली होती. चेहऱ्यावर किती दिवसांनी तेज आलं होतं.

गुणगुण तिथूनच येत होती.

ती गुडघ्यांवर बसली. खिडकी बंद होती, छताचा पंखा बंद होता, आणि ठमीचं जावळ भुरभुरत होतं. जवळच फरशीवर धुळीचा एक गोळा पडला होता. तो तसूभरही हलत नव्हता. हलत होतं ते फक्त पोरीच्या टाळूवरचं जावळ.

तिने फट आणि डोकं ह्यांच्यामध्ये आपला हात धरला. तळहाताला ऊब लागली. ओलसर. फुंकर म्हणावी, तर फुंकर संपते, माणसाला दम घ्यावा लागतो. हे संपत नव्हतं.

पोरीला उचलायला हवं होतं. कुठल्याही आईने उचललं असतं. तिने हात पुढे केलाही. मग तिला त्या डोळ्यांखालचं काळं दिसलं, ते मनगट दिसलं, आणि हात तसाच मागे आला. थोडी झोपू दे. थोडीच. ती पाय न वाजवता बाहेर आली आणि घड्या केलेले कपडे मोडून परत घड्या करत बसली.

५

"कान वाजतात तुझे," ठमीचा बाप म्हणाला. तरी तो भला माणूस, कपाटाच्या फटीत टॉर्च मारून बघितलं, भिंतीवर ठोकून बघितलं, भिंतीला कान लावून उभा राहिला. "पलीकडे पाण्याचा पाइप असेल. काही नाही."

"अहो, पण ऊब?"

"झोपली ना ती? दूध प्यायली ना?"

प्यायली होती. खदखदून हसलीही होती.

"मग कशाला नसतं उकरून काढतेस?" सासूबाई म्हणाल्या. "कपाटापाशी झोपते तर कपाटापाशी झोपू दे. आधी डबडं, आता कपाट. हिच्या आईजवळ सोडून पोरीला कुठेही झोप लागते!"

हा शेवटचा टोला मस्करीतच मारलेला होता. पण तो तिच्या बरोबर वर्मी बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ठरवलं: आज पोरगी माझ्या खांद्यावरच झोपेल, नाहीतर आम्ही दोघी जाग्या राहू.

बाहेर ठमीचा बाप कानाला हेडफोन लावून काम करत होता. नवं कार्ड मजेत चाललं होतं, पडद्यावर एका रिकाम्या घराची दारं एकामागून एक उघडत होती. सासूबाई स्वयंपाकघरात. ठमीला खांद्यावर घेऊन ती आतल्या खोलीत फेऱ्या घालत होती आणि ठमी कपाटाकडे हात पसरून आकांत करत होती. कमरेत उसण भरली, खांदा लाळेने आणि आसवांनी भिजला. पोरीचा आवाज बसत चालला. शेवटी तो आवाज इतका बारीक झाला, की तो ऐकवेना. तिने हरल्यासारखं दुपटं कपाटापाशी अंथरलं आणि ठमीला खाली ठेवलं.

लगेच गुणगुण सुरू झाली. लगेच, जणू कुणी वाटच बघत होतं.

ठमीने डोळे मिटले. तीही फरशीवर गाल टेकून आडवी झाली. निदान बघते तरी, असं तिने मनाशी म्हटलं. फटीत अंधार होता, भिंत होती, कोळ्याचं एक तुटकं जाळं होतं. दुसरं काही नव्हतं. ती हुश्श करणार, इतक्यात तिची नजर दुपट्यावर गेली.

ठमीच्या पाठीशी दुपटं दबलेलं होतं. लांबट खळगा. बाळाला कुशीत घेऊन बाईमाणूस कलतं निजतं, तेव्हा अंथरुणाला पडतो तसा. वरच्या बाजूला कोपर टेकल्यासारखा एक वेगळा, खोल खळगा. त्या खळग्यावर काही नव्हतं.

आपण अंथरताना सुरकुती पडली असेल. आत्ताच अंथरलं, घाईत, पडली असेल.

ती बघत असतानाच कोपराचा खळगा हळूहळू भरून वर आला. मग लांबट खळगाही. कुणीतरी बाळाला धक्का न लावता, जपून, उठत होतं.

गुणगुण थांबली.

ठमीने डोळे उघडले आणि ती किंचाळली. आईने पोरीला झडप घालून उचललं, छातीशी दाबलं आणि मागे मागे सरकत दाराशी आली. हाक मारायला तोंड उघडलं, पण कुणाला काय सांगणार? दुपट्याची घडी सुटली म्हणून? बाहेर पडद्यावर दारं उघडत होती, आतून कुकरची शिट्टी झाली, सगळं घर आपापल्या कामात होतं. ठमी हातपाय झाडत होती. मग झाडायची थांबली. तिची नजर आईच्या चेहऱ्यावरून वर सरकली, आईच्या डोक्याच्या जरा वर ठरली, आणि ती हसली.

मानेवर ऊब लागली. ओलसर. पाठीवरून खाली उतरत गेली, अंगावर गरम पाणी ओतल्यावर उतरतं तशी.

आणि ठमीने आईच्या खांद्यावर मान टाकली. अशी पहिल्यांदाच. सगळं अंग सैल सोडलं, अंगठा तोंडात घातला, एक लांब उसासा टाकला आणि झोपली. तो इवलासा भार खांद्यावर इतका गोड होता, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. किती महिने ह्याची वाट बघितली होती! खोलीत गुणगुण भरून राहिली होती. तीच, बारीक, सलग. आज ती कपाटापाशी नव्हती. तिने छातीवर हात ठेवला तर बरगड्या थरथरत होत्या.

"झोपली का गं?" स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं. "तुझ्याकडे?"

हो म्हणायचं होतं. ओरडून सांगायचं होतं. पण बोललं तर सूर तुटेल आणि पोर उठेल, म्हणून ती बोलली नाही. आपणच गुणगुणतोय, तिने स्वतःला सांगितलं. पोरीला घेऊन आईच गुणगुणणार, दुसरं कोण?

तिने श्वास आत घेतला, सावकाश, छाती भरेपर्यंत.

गुणगुण थांबली नाही.